खुनाला मुहूर्त पाहावा लागतो

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपलं सोलापूर समुद्रापासून अडीचशे किलोमीटरहून अधिक दूर. आपल्याला पाणी म्हणजे सिद्धेश्वर तळं, नाहीतर हिप्परग्याचा तलाव. अशा गावात राहून समुद्राच्या भरती-ओहोटीवर बोलायची पाळी माझ्यावर येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं. पण आली. त्याला कारण झाली कॉलेजातली पाच-सहा मुलं-मुली आणि त्यांनी केलेला एक खून.

दचकू नका. खून कागदावरचा होता. मुलांना स्पर्धेसाठी एकांकिका करायची होती. विषय त्यांनीच ठरवला होता: नाताळात समुद्रकिनारी घडलेला खून, त्यात प्रेमकथा, आणि वर विनोदी! मी आयुष्यभर मराठी शिकवलं आणि रहस्यकथा वाचण्याचं माझं व्यसन गावाला ठाऊक. म्हणून संहिता घेऊन मंडळी माझ्या दारात.

गोष्ट मजेदार होती. आपला एक सोलापुरी चादरवाला प्रदर्शनासाठी गोव्याला जातो. तिथल्या उकाड्यात त्याची एकही चादर खपत नाही, पण पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या मुलीवर त्याचं मन जडतं. नाताळच्या आदल्या रात्री गाव चर्चमध्ये मध्यरात्रीच्या प्रार्थनेला जमलेलं असताना हॉटेलच्या शेटचा खून होतो. प्रेत सापडतं समुद्रातल्या एका खडकाआड, आमच्या चादरवाल्याच्या चादरीत गुंडाळलेलं. संशय आधी त्याच्यावर, मग त्या मुलीवर. खुनी बारा वाजता प्रेत ओढत वाळूतून चालत खडकापर्यंत जातो आणि सकाळी त्याच्या पावलांवरून पकडला जातो.

तारीख मुलांनी घातली होती २४ डिसेंबर २०१५. मी विचारलं, "त्या दिवशी तिथी कोणती होती?"

मुलं हसली. एक जण म्हणाला, "सर, खुनाला कशाला मुहूर्त?"

पाहावा लागतो. कसा, ते सांगतो.

तिथीची पाऊणपट

समुद्राला दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे सव्वाबारा ते साडेबारा तास जातात. त्यामुळे भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्तच पुढं सरकते. हा सगळा खेळ मुख्यतः चंद्राच्या ओढीचा. सूर्याचीही ओढ असते, पण कमी. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते, म्हणून भरती मोठी आणि ओहोटीही खोल. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ एकमेकांना आडवी पडते आणि पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही. त्याला कोकणात भांग म्हणतात.

कोकणच्या माणसाकडे यासाठी एक साधं गणित आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जे उत्तर येईल, त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. दिवसाही आणि रात्रीही. जागेप्रमाणे थोडं पुढं-मागं होतं, पण हिशेब ढोबळमानानं बरोबर येतो. पाण्याची उंची मात्र सगळीकडे सारखी नाही. मुंबईला उधाणाचं पाणी चार-पाच मीटरपर्यंत चढतं, गोव्याकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास.

आता आपल्या खुनाकडे येऊ. २५ डिसेंबर २०१५ ला पौर्णिमा होती. नाताळ आणि पौर्णिमा एका दिवशी येणं दुर्मीळ. त्याआधी तसं १९७७ साली झालं होतं. म्हणजे २४ च्या रात्री समुद्र उधाणावर, अकराच्या सुमारास पूर्ण भरती, आणि बारा वाजता पाणी अजून चढलेलंच. ज्या खडकापर्यंत आमचा खुनी प्रेत ओढत चालत गेला, तिथं त्या वेळी पोहून जावं लागलं असतं. शिवाय पौर्णिमेचं लख्ख चांदणं! अशा रात्री किनाऱ्यावर चोरून काही करायला जाणारा माणूस खुनी नव्हे, मूर्ख म्हणायचा.

मुलांची तोंडं उतरली. मी म्हटलं, अरे, ही चूक नव्हे, हे तुमच्या रहस्याचं उत्तर आहे. रात्री बाराला तिथं चालत जाता येत नाही, तर केव्हा जाता येतं? सहा तास आधी, संध्याकाळी पाचच्या सुमारास, ओहोटीला. म्हणजे खून मध्यरात्री झालाच नाही. तो दिवेलागणीच्या आधी झाला. मध्यरात्री चर्चमध्ये सगळ्यांच्या नजरेसमोर बसलेला माणूस आता निर्दोष ठरत नाही. उलट "मी बाराला त्याला खडकाकडे चालत जाताना पाहिलं" असं जो छातीठोकपणे सांगतो, तोच खोटं बोलतोय.

मुलं एकदम ताठ बसली. रहस्यकथेतला सगळ्यात मोठा आनंद हाच. उत्तर लपवलेलं नसतं, डोळ्यांसमोर असतं. फक्त आपण ते पाहत नाही.

समुद्र कशाला, नाताळ कशाला?

ही समुद्र, नाताळ, प्रेम आणि खून अशी मिसळ मुलांनी शोधलेली नाही. तिचं मूळ घर इंग्लंड. अगाथा ख्रिस्ती या बाईंचा जन्म १८९० सालचा, टॉर्की या समुद्रकाठच्या गावातला. पहिल्या महायुद्धात त्या तिथल्या रुग्णालयाच्या औषधखान्यात काम करत होत्या. विषांची माहिती त्यांना तिथं झाली आणि १९२० साली आलेल्या पहिल्याच कादंबरीत त्यांनी ती वापरली. पुढं त्यांचं नवं पुस्तक नाताळच्या तोंडावर बाजारात आणायची प्रकाशकांची रीतच पडली. नाताळात घडणारा खून त्यांनी १९३८ साली लिहिला, समुद्रकाठच्या हॉटेलातला १९४१ साली.

नाताळ सोयीचा का? कारण वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहणारे नातेवाईक त्या दिवसांत एका छपराखाली येतात. बाहेर बर्फ, कचेऱ्या बंद, आणि घरात म्हाताऱ्या बापाचं मृत्युपत्र. आपल्याकडे हीच सोय गणपतीत आहे. चाकरमानी कोकणात येतात, आरती एकत्र होते आणि आरतीनंतर वाटणीचा विषय निघतो. २०१६ साली झी मराठीवर आलेली 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका आठवा. सावंतवाडीजवळच्या आकेरीतलं घर, लग्नघाईत वडिलांचा मृत्यू, सगळं कुटुंब गोळा, आणि भीतीच्या मधोमध विसराळू पांडूचा विनोद. मालवणी बोलीवर हसता हसता माणसं घाबरत होती आणि घाबरता घाबरता हसत होती.

समुद्राची सोय वेगळी. तिथं अनोळखी माणसं सुट्टीला येतात आणि कोण खरा कोण खोटा, कुणालाच ठाऊक नसतं. १९६५ चा 'गुमनाम' आमच्या पिढीनं किती वेळा पाहिला असेल! राजा नवाथे यांचं दिग्दर्शन, आपली नंदा आणि मनोजकुमार यांचं प्रेम, मेहमूदचा खानसामा, आणि एकेक करून मरणारी माणसं. तो ख्रिस्तीबाईंच्या १९३९ च्या कादंबरीवर बेतलेला. खून, प्रणय, विनोद, समुद्र, सगळं एका तिकिटात.

भरती-ओहोटीचा वापर करणाऱ्या बाई मात्र दुसऱ्या. डोरोथी सेयर्स यांनी १९३२ च्या एका कादंबरीत किनाऱ्यावर एकटी फिरायला गेलेली लेखिका दाखवली आहे. तिला खडकावर प्रेत दिसतं. पाणी चढतंय हे ओळखून ती झटपट छायाचित्रं घेते आणि मदत आणायला पळते. तोवर भरती प्रेत घेऊन जाते. तपासाला येतो तिच्यावर जीव जडलेला गुप्तहेर. तो पुरावे शोधतो आणि मधूनमधून तिला लग्नाचं विचारतो. ती दरवेळी नाही म्हणते. शेवट मी सांगणार नाही.

प्रेम, विनोद आणि सचोटी

प्रेम रहस्यकथेत घालायचं ते शोभेसाठी नव्हे. त्याचं काम तपासात अडथळा आणणं. ज्याच्यावर आपलं मन बसलं तोच खुनी असला तर? सेयर्सबाईंचा गुप्तहेर आणि ती लेखिका पहिल्यांदा भेटतात तेव्हा तिच्यावरच खुनाचा खटला चालू असतो. बंगालीत शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेशही आपली सत्यवती अशीच भेटवतो. संशयित भावाला वाचवू पाहणारी बहीण म्हणून ती गोष्टीत येते. हे शरदिंदुबाबू १९५२ पासून पुण्यात राहत होते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल.

मराठीतही हे नवं नाही. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार एकटा नसे, बरोबर त्याची विजया असे. सुहास शिरवळकरांच्या बॅरिस्टर अमर विश्वास, फिरोझ इराणी, मंदार पटवर्धन यांच्या गोष्टींत थट्टामस्करी आणि प्रेम दोन्ही भरपूर. गोव्यातून आलेल्या गुरुनाथ नाईकांनी तर शेकड्यांनी रहस्यकथा लिहिल्या. २०२१ साली ते गेले.

विनोदाचा नियम मी मुलांना असा सांगितला: मेलेल्यावर हसायचं नाही, जिवंत माणसांवर हसायचं. घाबरलेला माणूस शहाणपणाचा आव आणतो, साक्षीदार पोलिसांना भलतंच सांगतो, उकाड्यात चादरवाला चादरीची ऊब समजावून सांगतो, त्यावर खुशाल हसा. प्रेताला हात लावू नका. या नियमाला अपवाद आहेत, पण ते पेलायला मोठी ताकद लागते. १९८३ च्या 'जाने भी दो यारो'त प्रेताची फरफट पाहून आपण पोट धरून हसतो, आणि चित्रपट संपताना तेच हसू घशात अडकतं.

तिसरी गोष्ट सचोटी. लेखकाला जे ठाऊक, ते वाचकासमोर असलंच पाहिजे. आणि तपशील चुकला तर वाचक सोडत नाहीत. कॉनन डॉयल यांनी १८९२ साली शेरलॉक होम्सची नाताळातली एक गोष्ट लिहिली. नाताळच्या मेजवानीसाठी आणलेल्या गूझ पक्ष्याच्या गळ्यातल्या पिशवीत चोरीचं रत्न सापडतं. गोष्ट गोड आहे, होम्स शेवटी सणाचा मान राखून चोराला सोडून देतो. पण कोंबडीला असते तशी पिशवी गूझला नसते, हे वाचक आजवर काढून दाखवतात!

म्हणून मुलांना म्हटलं, कायदाही नीट पाहा. २०१५ चा खून असेल तर कलम ३०२ बरोबर. पण गोष्ट १ जुलै २०२४ नंतरची केली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागेल. प्रेक्षकांत एखादा वकील असतोच.

अक्काचा प्रश्न

एवढं सगळं झाल्यावर संहिता चोख झाली. भरती-ओहोटी जमली, प्रेम जमलं, विनोद जमला. तरी माझं मन भरेना. काहीतरी राहिलं होतं. ते काय, ते मला रात्री आठवलं, आणि त्यासाठी मला तुम्हाला पन्नासेक वर्षं मागं न्यायला हवं.

माझे वडील गिरणीत विणकाम खात्यात होते. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की घरी येत, जेवत आणि भाड्यानं आणलेलं अर्नाळकरांचं पुस्तक घेऊन चाळीच्या कट्ट्यावर बसत. अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांची हजारावर पुस्तकं. वडील मोठ्यानं वाचत आणि वाचता न येणारे चार-सहा सोबती ऐकत. त्यात शेजारच्या अक्का असायच्या. घरात तेलुगू बोलायच्या, आमच्याशी सोलापुरी मराठी. विड्या वळता वळता त्या ऐकत.

प्रत्येक पुस्तकात खून पडला की त्या वडिलांना थांबवत. "थांबा की वो दादा. मेलं ते कोन होतं, ते सांगा आधी. घरात कोन हाय त्याच्या?"

वडील पान उलटून पाहत. बहुधा तिथं काही लिहिलेलं नसे. 'एक श्रीमंत व्यापारी' एवढंच. बाकीचे म्हणत, अक्का, पुढं जाऊ द्या, खुनी कोण ते कळू द्या. अक्का गप्प बसत.

त्यांचा प्रश्न मला पुष्कळ उशिरा समजला. त्यांचा नवरा परगावी कामाला गेला होता आणि परत आलं ते त्याचं प्रेत. कागदावर लिहिलं होतं 'अकस्मात मृत्यू'. कसा, कुठं, कुणामुळं, काही नाही. पुढं कुणी विचारलं नाही आणि विचारायचं कसं ते त्यांना ठाऊक नव्हतं. तो माणूस कोण होता, त्याला काय आवडायचं, हे त्या कागदात कुठं असणार? रोज रात्री त्या कट्ट्यावर येत. कारण तिथं निदान गोष्टीतल्या मेलेल्या माणसासाठी कुणीतरी धावपळ करायचं, आणि शेवटच्या पानापर्यंत छडा लावायचं.

लोक म्हणतात, रहस्यकथा म्हणजे वेळ घालवायचं साधन. असेल. पण आपल्यातल्या कितीतरी जणांना आयुष्यात जे उत्तर मिळत नाही, ते तिथं मिळतं. एका माणसाचं मरण फुकट जाऊ द्यायचं नाही, हा त्या साध्या पुस्तकांचा धर्म.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना विचारलं, "तुमचा शेट कोण होता रे?"

कुणाला सांगता येईना. शेट म्हणजे शेट. मरण्यापुरता आलेला.

दोन दिवसांनी त्यातली एक मुलगी नवीन प्रवेश लिहून घेऊन आली. गोव्यात नाताळला घरोघरी गोडाची ताटं पाठवतात. नेवऱ्या, दोदोल, बेबिंका. तिच्या शेटचं कुणाशी फार पटत नाही, पण दरवर्षी तो प्रत्येक घरासाठी स्वतः ताट भरतो आणि वर त्या घराच्या नावाची चिठ्ठी ठेवतो. खुनानंतर ती ताटं हॉटेलच्या टेबलावर तशीच रांगेत राहतात. आमचा चादरवाला ती मोजतो. सगळ्या गावाची आहेत, फक्त एका घराचं नाही. ते का नाही? तर त्या घरचा माणूस संध्याकाळीच येऊन आपलं ताट घेऊन गेला होता. आणि तोच सांगतोय, आज मी शेटला भेटलोच नाही!

मी तिला हात जोडले. सुगावा आणि माणूस एकाच ताटात वाढले होते पोरीनं.

शेवटी खुनी सापडतो. चादरवाला आणि पाववाल्याची मुलगी ती उरलेली ताटं सायकलवर लादतात आणि घरोघर पोचवतात. त्यानं ताटं कोकणी येत नसल्यामुळं चुकीच्या दारात द्यायची आणि तिनं रागवायचं, असा तो प्रवेश. तालमीत मी मागं बसलो होतो. मुलं हसत होती. शेवटचं ताट उरतं. त्यावर चिठ्ठी असते चादरवाल्याच्या नावाची. चार दिवसांच्या पाहुण्यासाठीही शेटनं ताट भरलेलं असतं. तिथं हसणं आपोआप थांबलं. कुणाला सांगावं लागलं नाही.

मुलांना जाता जाता एक सुचवलं. पुढची गोष्ट गोव्यात नको, वसईत करा. तिथले ख्रिस्ती बांधव मराठीतच नाताळ साजरा करतात. २०२० साली आपल्या शेजारी उस्मानाबादला, आताच्या धाराशिवला, झालेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिथलेच. आणि बाबूरावांनी ज्याचं नाव घेतलं, तो समुद्रकाठचा अर्नाळा त्याच वसई तालुक्यातला. मराठी खुनाला याहून चांगला किनारा कुठला मिळणार!

तेव्हा श्रोतेहो, यंदा नाताळची सुट्टी लागली की गड्ड्याची जत्रा उभी राहीपर्यंत मधे थोडा रिकामा वेळ असतो. एखादी रहस्यकथा काढा आणि घरात मोठ्यानं वाचा. खून पडला की थोडं थांबा आणि अक्कांचा प्रश्न विचारा. मग पुढचं पान उलटा.

आणि हो, खून समुद्रकाठचा असेल, तर पंचांग जवळ असू द्या.